जुन्या मोटेच्या विहिरीवर प्रकाश-आवाजाची मांडणी करायची आहे, सुरुवात कुठून करावी?

कुंभीकाठ

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यात, कुंभी-कासारीच्या पट्ट्यात आमचं गाव. गावात दगडी बांधणीची मोटेची विहीर आहे, म्हणजे बैलांनी ओढायच्या मोठ्या चामडी पखालीनं (मोटेनं) पाणी उपसायची. गोल, आतून ७ मीटर रुंद, १४ मीटर खोल. दिवाळीत पाणी काठापासून ६ मीटरवर असतं, चैत्रात १२ वर जातं. थारोळं, म्हणजे मोटेचं पाणी पडायचं दगडी कुंड, अर्धं शाबूत आहे. धावेवर, म्हणजे बैल चालायच्या उतारावर, घाणेरी माजली आहे, पण उतार कळतो. एका घरात माळ्यावर बाभळीचं चाक सापडलं, आस गायब. मोट मात्र कुणाकडंच उरलेली नाही.

तरुण मंडळ आणि वाचनालय मिळून कार्तिकात तीन संध्याकाळी तिथं मोट चालायची तेव्हाचं वातावरण उजेड आणि आवाजातून उभं करायचं म्हणतंय. नाटक नको, पुतळे नकोत. बजेट ६० हजार. ग्रामपंचायतीचा विजेचा खांब ४० मीटरवर.

आवाज मिळवायचा कसा? स्पीकर विहिरीत सोडायचे का? प्रोजेक्टर घ्यावा का? आणि एका गटाला दमदार आवाजातलं निवेदन हवंच आहे, त्यांना काय सांगू?

जुनंरान

साहित्याचं बाकीचे सांगतील. आधी मोट चालायची कशी ते पक्कं करा, नाहीतर गावातले सत्तरी ओलांडलेले पहिल्या मिनिटाला उठून जातील.

दोर दोन. जाड नाडा वरच्या चाकावरून मोटेच्या कड्याला. बारीक सोंदूर खाली थारोळ्याच्या तोंडाशी असलेल्या रुळावरून मोटेच्या सोंडेला, म्हणजे तिच्या तळाच्या चामडी नळीला. बैल धावेवरून खाली उतरतात तशी मोट वर येते. तोंडाशी आली की सोंदूर सोंडेला थारोळ्यात ओढतो आणि पाणी आपोआप ओततं. मग बैल तोंड न फिरवता, मागं मागं सरत धाव चढतात आणि रिकामी मोट खाली जाते. बैल वळून परत येताना दाखवलेत तर सगळं फसलं. वळले की नाडा गुंतेल, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

दुसरं म्हणजे, उतरताना मोट हाकणारा बहुधा नाड्यावर बसायचा, त्याचं वजन बैलांना मदत करायचं. म्हणजे मोटेवरचं गाणं एका जागी नसतं, ते बैलांबरोबर धावेवरून लांब जातं. परत येताना तो चालत असतो आणि बैल मागं घ्यायच्या नादात असतो. तेव्हा गाणं नाही, फक्त हाका आणि च्यक् च्यक्.

वेळेचा हिशेब असा धरा. पाणी १२ मीटरवर असेल तर थारोळ्यापर्यंत १३ मीटर ओढ, म्हणजे बैल धावेवर १३ मीटर चालणार. ओढीच्या बैलाची चाल सेकंदाला पाऊण-एक मीटर. ओढ १६ सेकंद, ओतणं ४, मागं येणं १८, बुडून भरणं ४. साधारण ४२ सेकंदांचा एक फेरा. कार्तिकात तुमचं पाणी ६ मीटरवर असलं तरी फेरा चैत्राचाच ठेवा. मोटेचा खरा जोर उन्हाळ्यात असायचा, पावसाळा संपल्या संपल्या नाही.

आणि जात्यावरच्या ओव्या इथं घालू नका. हेमा राईरकर आणि गी पॉइटेवँ यांनी जमवलेल्या लाखाहून जास्त ओव्या सहज ऐकायला मिळतात, म्हणून लोक कुठंही त्याच वाजवतात. त्या बायकांच्या, जात्याच्या तालावरच्या. मोटेला पुरुषाचा, लांब ओढलेला, उघड्या रानातला गळा पाहिजे. गावात असा एखादा गळा अजून असेलच, त्यालाच बसवा. त्याची परवानगी आणि मानधन लेखी ठेवा.

आवाजघर

जुनंरान यांनी फेऱ्याची वेळ दिली, आता त्यावरच बांधू.

चाकापासून सुरू करा, कारण मोटेचा खरा आवाज चाकाचा. सुताराकडून लोखंडी आस बसवून घ्या, पण वंगण अजिबात नको. चाक विहिरीवर चढवायची गरज नाही, आणि माळ्यावरच्या चाकाला भुंगा लागलेला असणार, तेव्हा पूर्ण भरलेल्या मोटेचं दीडशे किलोचं ओझं त्याला देऊ नका. चाकाच्या एका वेढ्याला पुरेल एवढी उंच चौकट करा, दोरावर ५०-६० किलो वाळूचं पोतं टांगा, खाली कुणी उभं राहू नका. ओझं नसेल तर चाक कुरकुरतच नाही, नुसतं खडखडतं. हीच चूक सगळीकडं होते: चाक हातानं फिरवून रेकॉर्ड करतात आणि मग ते पाळण्यासारखं वाजतं.

चाकाचा व्यास मोजा. ४५ सेंटिमीटर असेल तर घेर १.४ मीटर. १३ मीटर ओढीला ९ वेढे, म्हणजे १६ सेकंदांत दर पावणेदोन सेकंदांनी एक कुरकुर. त्या गतीनंच ओढा. परतीला पोतं काढून जेमतेम ८-१० किलो ठेवा. कुरकुर वरच्या पट्टीत जाते, तुटक होते. ओढीचा कण्हता आवाज आणि परतीचा हा मोकळा आवाज, एवढ्या फरकावर ऐकणाऱ्याला मोट भरलेली आहे की रिकामी ते न सांगता कळतं.

माइक दोन लावा. एक साधा कंडेन्सर एक मीटरवर, त्यावर फरचं वारारोधक आवरण. दुसरी २७ मिलिमीटरची पिझो चकती (लाकडाची कंपनं थेट पकडणारी), आसेजवळच्या लाकडाला दुहेरी टेपनं घट्ट. पिझो थेट माइकच्या खोबणीत लावली तर खालचे सूर गायब होतात, तिला साधारण १० लाख ओहमची इनपुट लागते. गिटारसाठीचा डीआय बॉक्स किंवा रेकॉर्डरची गिटार खोबण वापरा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास. वेळ पहाटेची. शेतीपंपांची लाईट कधी आहे ते आधी बघा, नाहीतर मोटरची घरघर प्रत्येक फाइलमध्ये बसते. गळीत हंगामात रस्त्याकडेला रेकॉर्डिंगचा विचारही करू नका. उसाच्या ट्रॅक्टरवरचा टेप अर्धा किलोमीटर पोचतो.

घुंगुरमाळा आणि खुरांसाठी खरी जोडी लागेल. हल्ली बैलजोडी शर्यतवाल्यांकडं मिळते, पण ती पळायला शिकलेली, तिला सावकाश चालवणं अवघड. त्यापेक्षा गाडीची जोडी बघा. उताराला आणि मागं सरताना वेगवेगळं रेकॉर्ड करा. मागं सरताना माळ सलग वाजत नाही, दोन-तीन झटके, मग थांबा.

आता स्पीकर. धावेच्या एका कडेला चार, वरून १, ५, ९ आणि १३ मीटरवर, जमिनीपासून ४० सेंटिमीटर उंच. बैल, माळ, गाणं हे सगळं एका स्पीकरमधून दुसऱ्यात सरकवायचं. चार मीटर जायला पाच सेकंद. सरकवताना दोन्ही स्पीकर मध्यावर उणे ३ डेसिबलवर ठेवा, उणे ६ वर ठेवलंत तर मधे खड्डा पडतो आणि बैल दर चार मीटरवर गायब होऊन उगवतात. झाकायला खताचं प्लॅस्टिकचं पोतं टाकू नका, ते वरचे सूर गिळतं. विरळ विणीचं तागाचं चालतं.

पाचवा स्पीकर थारोळ्याशी, चाकासाठी. सहावा विहिरीत, काठाखाली एक मीटर, तोंड पाण्याकडं. त्यात फक्त मोट बुडण्याचा आवाज आणि थेंब. गाणं किंवा बोलणं विहिरीत सोडायचं नाही. तुमच्या विहिरीत समोरासमोरच्या भिंतींत आवाज जाऊन यायला १४ मीटर, म्हणजे ४० मिलिसेकंद. गोल भिंत तो सगळा मधोमध गोळा करते. शब्दांचा लगदा होतो. १२० हर्ट्झच्या खालचं सगळं कापा, नाहीतर विहीर नुसती घुमते. पाणी ६ मीटरवर असताना पहिला प्रतिध्वनी ३०-३२ मिलिसेकंदांत येतो, १२ वर असताना ६०-६५ मध्ये. म्हणून चाचणी चैत्रात करून कार्तिकात भरवसा ठेवू नका, ज्या महिन्यात कार्यक्रम त्याच महिन्यात कानानं ऐका.

वाजवायला स्वस्त एमपी३ मोड्यूल घेऊ नका, फेरा संपून परत सुरू होताना मधे खाच पडते, आणि दोन मोड्यूल सोबत सुरू केले तरी हळूहळू मागंपुढं होतात. एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक), त्याला आठ चॅनेलचं यूएसबी साउंड कार्ड, आणि सहाही आवाज एकाच वेव्ह फाइलमध्ये. ढळायला जागाच राहत नाही.

निवेदनवाल्या गटाला हे सांगा: माणूस बोलायला लागला की लोक त्याच्याकडं बघतात, धावेकडं नाही. माहिती द्यायचीच असेल तर वाटेवर कापडी फलक लावा. ‘शेकडो वर्षांपूर्वी या मातीत...’ असं भरदार आवाजात सुरू झालं की गडावरचा कार्यक्रम होतो.

तारमिस्त्री

डॉल्बीवाल्याला आणि लग्नाच्या लायटिंगवाल्याला लांब ठेवा, निम्मं काम झालं.

मोट पहाटे जुंपायची, तेव्हा उजेडही पहाटेचाच हवा. दोनच रंग पुरतात: आभाळाचा गार निळसर, अगदी मंद, आणि थारोळ्याशी कंदिलाचा, १८०० ते २००० केल्विन. कंदिलाला ‘फ्लिकर’ लावू नका. काचेच्या चिमणीतली वात स्थिर जळते, ती लवलवते फक्त कुणी उचलून चालायला लागलं की. लवलव करणारे दिवे चुलीला आणि पलित्याला.

दगड दाखवायचा असेल तर दिवा भिंतीला चिकटून. १० वॉटचा, १० ते १५ अंशांचा अरुंद झोत, भिंतीपासून १५-२० सेंटिमीटरवर, वरून खाली सरळ. समोरून झोत मारला की काळा पाषाण सपाट पत्र्यासारखा दिसतो, कडेनं मारला की टाकीचा एकेक घाव उठतो. थारोळ्याच्या तोंडाशी रुळाच्या बाजूला दगडावर सोंदुरानं पडलेल्या खाचा असतील, बोटभर खोल, आतून काचेसारख्या गुळगुळीत. एक दिवा फक्त त्या खाचांसाठी ठेवा. माझ्या मते तुमच्या अख्ख्या विहिरीत बघण्यासारखी ती एक जागा आहे.

पाण्याची जाळी भिंतीवर नाचवायची असेल तर झोत पाण्यावर तिरपा पडला पाहिजे. दिवा पाण्यापासून एक मीटर वर एका भिंतीला, नेम मधोमध. म्हणजे झोत पाण्याला जवळजवळ आडवा घासून जातो आणि साधारण पाचवा हिस्सा उजेड समोरच्या भिंतीवर परततो. दिवा दोन मीटर वर नेलात की परतणारा उजेड साधारण सोळाव्या हिश्शावर येतो. वरून सरळ मारला तर दोन टक्के, बाकी सगळा पाण्यात. तरंगांसाठी बारीक नळीतून तीन-चार सेकंदांनी एक थेंब पुरे. धार सोडली की फेस होतो आणि जाळी फाटते.

प्रोजेक्टर ६० हजारांत धरू नका. काळा दगड पडलेल्या उजेडातला जेमतेम दहावा हिस्सा परत देतो. ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर ३ बाय २ मीटरवर चालेल, पण लोक त्याच पैशात सगळी भिंत भरायला बघतात, मग ८ बाय ५ वर काहीच दिसत नाही. भिंतीला चुना फासायची सूचना कुणी केली तर त्याला विहिरीपासून दूर ठेवा.

एलईडी मंद करताना शेवटी उजेड पायरी-पायरीनं उतरतो, ते डोळ्याला खटकतं. ८ बिटांवर ते होणारच. ईएसपी ३२ वर (छोटा कंट्रोलर) १२ बिट घ्या आणि उजेड डोळ्याला सारखा उतरताना दिसावा म्हणून २.२ ते २.८ चा गॅमा वक्र लावा. पीडब्ल्यूएम (दिवा झपाझप चालू-बंद करून मंद करायची रीत) २००-३०० हर्ट्झवर ठेवलंत तर सगळ्यांच्या मोबाइल व्हिडिओत काळे पट्टे येतात. ३ किलोहर्ट्झच्या वर न्या, १२ बिटांवरही तेवढं जमतं.

वीज: विहिरीच्या काठाच्या आत २३० व्होल्ट जाता कामा नये. सगळं २४ व्होल्ट डीसी. १२ व्होल्ट का नको? ३० वॉटला अडीच अँपिअर, दीड चौरस मिलिमीटरची वायर २५ मीटर म्हणजे जाऊन-येऊन ५०, रोध ०.६ ओहम, दीड व्होल्ट वायरीतच खर्च. शेवटचा दिवा मंद पडतो आणि मग लोक दिवा बदलत बसतात. २४ वर तोच खर्च पाऊण व्होल्ट. पाणी-धूळ रोखण्याचा दर्जा पाण्याजवळच्या दिव्यांना आयपी ६७, पाण्यात जाणाऱ्यांना ६८. खांबावरून येणाऱ्या लाइनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच), आणि ती टेस्टचं बटण दाबून रोज तपासायची. आकडा टाकू नका, तात्पुरती जोडणी रीतसर घ्या. जनरेटर आणलात तर वरचं सगळं रेकॉर्डिंग वाया गेलं समजा. सरासरी लोड १२० वॉट असेल तर १५० अँपिअर-तासाची इन्व्हर्टर बॅटरी अर्धी वापरून सात तास चालते. तीन शोला ती भरपूर झाली.

दोरगुंडा

कुणी लिहिलं नाही म्हणून. पडीक विहिरीत प्राणवायू कमी असू शकतो, आणि कुजलेल्या पाल्यामुळं विषारी वायूही. पेटता कंदील सोडून बघायच्या जुन्या रीतीवर भरवसा ठेवू नका, हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू त्यानं कळत नाही. चार वायूंचं मीटर भाड्यानं आणा, ब्लोअरनं अर्धा तास हवा खेळवा, उतरणाऱ्याला हार्नेस आणि वर दोन माणसं. एक पडला म्हणून दुसरा उडी मारतो, त्यातच जास्त जीव जातात.

विहिरीत आग्या मोहोळ आहे का ते दिवसा बघून घ्या. त्या माशा रात्री उजेडाकडं झेपावतात. असेल तर मांडणी त्या बाजूला करायचीच नाही.

काठाला १.१ मीटर उंचीचं पाइपचं कुंपण, प्रेक्षक काठापासून तीन मीटर मागं, धावेच्या मोकळ्या कडेला. सात-बारावर विहिरीचे किती हिस्सेदार आहेत ते काढा आणि सगळ्यांची सही घ्या. पाणी कुणी भरत नसलं तरी हक्क कुणी सोडलेला नसतो, आणि नेमका कार्यक्रमाच्या दिवशी एखादा पुण्याहून येतो.

स्पीकरची परवानगी पोलीस ठाण्यातून. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ बंद. वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, स्पीकर असला तर जागेच्या हद्दीवर त्याच्या १० वर, म्हणजे ६५. तुम्हाला तेवढं लागतही नाही.

कुंभीकाठ

मंडळी, भरभरून दिलंत. प्रोजेक्टर आणि निवेदन दोन्ही कटाप. आता दोन शंका. थारोळ्यात खरं पाणी ओतता येईल का, रेकॉर्डिंगऐवजी? आणि शेवटी ऑइल इंजिनाचा आवाज आणायचा विचार आहे, मोट बंद पडली ती त्यामुळंच. तो जास्त होईल का?

आवाजघर

पाणी खरंच ओता. स्पीकरमधलं पाणी तव्यावर मोहरी तडतडल्यासारखं वाजतं, त्यावर पैसे घालवण्यात अर्थ नाही. खऱ्या मोटेत शे-दीडशे लिटर यायचं, तुम्हाला ५० पुरे. थारोळ्याच्या मागं, अंधारात, मीटरभर उंचीवर टाकी ठेवा आणि तळाला ३ इंची बॉल व्हॉल्व्ह. ५० लिटर सहा-सात सेकंदांत मोकळं होतं, पहिल्या तीन-चार सेकंदांत जोर. मोटरवर चालणारा व्हॉल्व्ह घेऊ नका, उघडायलाच दहा-पंधरा सेकंद घेतो आणि धबधब्याऐवजी नळ सुटतो. हाताच्या दांड्याला दोर बांधा आणि एक माणूस बसवा. त्याला इशारा म्हणून त्याच रास्पबेरीवरून छोटा लाल दिवा, ओढीचा सोळावा सेकंद संपायच्या अर्धा सेकंद आधी. पाणी परत चढवायला १ एचपीचा पाणबुडी पंप, ४२ सेकंदांत ५० लिटर, सहज जमतं. थारोळं फुटकं आहे म्हणता, तर आत ताडपत्री घालून पाणी पाइपनं बाहेर ठेवलेल्या २०० लिटरच्या बॅरलमध्ये सोडा. पंप विहिरीत सोडू नका, त्याला २३० व्होल्ट लागतं आणि काठाच्या आत गेला की तारमिस्त्रींचा नियम मोडतो. पंप त्या बॅरलमध्येच ठेवा आणि तेच पाणी फिरवा.

जुनंरान

इंजिन आणा, पण नीट आणा. संथ गतीचं एका सिलिंडरचं लिस्टर जातीचं इंजिन ६५० फेऱ्यांवर चालतं, चार स्ट्रोक, म्हणजे मिनिटाला ३२५ ठोके, सेकंदाला साडेपाचच्या आत. लोकांना वाटतं तेवढं ‘टुक... टुक’ सावकाश नसतं. पाचर मारल्यासारखं मधेच सुरू करू नका. हँडल फिरवून पहिले चार-पाच अडखळते ठोके, मग लय. चाकाची कुरकुर चालू असतानाच लांबून, शिवाराच्या पलीकडून येऊ दे, धावेच्या स्पीकरमधून नाही. वेगळा एक स्पीकर ५०-६० मीटरवर उसाच्या बांधाला ठेवा. काही वर्षं दोन्ही आवाज एकाच शिवारात असायचे. एकाच्या मळ्यात इंजिन, शेजाऱ्याची मोट.

आणि इंजिन आल्यावर मोट लगेच थांबवू नका. अजून एक फेरा पुरा होऊ दे.

तारमिस्त्री

त्या लांबच्या स्पीकरला वायर ओढू नका, बांधावरून ट्रॅक्टर जाईल. वेगळा प्लेअर आणि १२ व्होल्टची बॅटरी ठेवा, सुरू करायला माणूस. तिथं सेकंदभर मागंपुढं झालं तर कुणाला कळत नाही.